तनुजाच्या अंगातली देवी

हडपसरजवळच्या मांजरी गावच्या जुन्या गावठाणात तनुजाच्या अंगात देवी येते, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पटत नव्हतं ते एकट्या तनुजाला.

विश्रांतवाडीहून लग्न होऊन आलेली ही मुलगी. पहिल्याच वर्षी मंगळवारच्या आरतीला, बायकांनी गच्च भरलेल्या खोलीत तिची छाती धडधडू लागली, हातपाय थरथरले, श्वास पुरेना. आपण आता मरतो असं वाटून ती किंचाळली. सासूबाई मुक्ताईंनी चटकन तिच्या कपाळावर मळवट भरला. "आई आली गं बया!" म्हणत बायका पायांवर लोटल्या. अहो, जिचा जीव कासावीस झालाय तिला पाणी द्यायचं सोडून ओटी कसली भरता? पण विचारणार कोण! पुढं मंगळवार उजाडला की आज पुन्हा तसंच होणार या भीतीनंच ती थरथरायची आणि आळी धन्य व्हायची.

शेवटी नवरा, मच्छिंद्र, शहाणा निघाला. गुपचूप हडपसरला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. "हा चिंतेचा आजार आहे," बाई म्हणाल्या. "कुणाचा स्वभाव, कुणाच्या घराण्यात असतो, कुणाचा साचलेला ताण, एकच एक कारण नसतं. हृदय ठणठणीत आहे. धोका नसताना शरीर घाबरतंय, इतकंच." गोळ्या दिल्या, त्या सावकाश लागू पडतील म्हणाल्या. आणि गर्दीतून पळायचं नाही. धडधड वाढली तर वाढू दे, ती आपली आपण उतरते, थोडंथोडं करून बघ, असं शिकवलं. कसली उतरतेय, तनुजा मनात म्हणाली. पण उतरली. आधी मंडईत, मग बसमध्ये, पुढं आरतीतही. किती महिन्यांनी तिला टाळ्या वाजवताना मजा आली.

आळी मात्र हिरमुसली. "आई रुसली," मुक्ताई म्हणाल्या. तनुजानं आजाराचं सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "डाक्टरला काय कळतंय देवाधर्मातलं!"

अशाच एका मंगळवारी शेजारच्या मालनबाई ओटी घेऊन आल्या. त्यांची शालू बारावीला चांगली पास झालेली, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. शालू दाराशी उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले.

"आईला इचारायचं हाय," मालनबाई म्हणाल्या. "तारीख काढू का?"

"मावशी, शिकू द्या हो तिला," तनुजा म्हणाली. "लग्न कुठं पळून चाललंय?"

"तू नगं सांगू गं. तुला काय कळतंय? आईनं सांगू दे."

तनुजाला असा संताप आला! आता जे करायचं मनात आलं, ते डॉक्टरबाईंना कुठल्या तोंडानं सांगायचं, तेही कळेना. छातीत धडधड नव्हती, श्वास अगदी संथ चालला होता. तिनं शालूकडे पाहिलं, अंबाडा सोडला आणि केस मोकळे करून घुमायला लागली.

"पोरीला शिकव!" ती ओरडली.

मालनबाईंनी जमिनीला डोकं टेकलं. "शिकवते गं आई."