आखूड दोरा मानेकडचा

ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळ. गोंदियातल्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेर हजर: वहिनी, मी आणि झाकण घट्ट लावलेली एक बरणी. दादा आत शुद्धीवर येत होता.

बरणीत दादाच्या खांद्याचा काढलेला तुकडा होता. तो नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझ्याकडे. दादा धानाचे भारे कावडीने वाहतो, त्यामुळे खांद्यावरची गाठ म्हणजे कावडीचा घट्टा, असंच घरात सगळे धरून चालले होते. बायोप्सीत कातडीचा दुर्मीळ कर्करोग निघाला.

गाठ बोराएवढी आणि तुकडा तळहाताएवढा का, हे मी सर्जनना विचारलं.

"ही कातडीखाली बोटं पसरते. दूर सहसा जात नाही, पण दिसते तेवढीच काढली तर त्याच जागी परत येते. कडा साफ मिळाल्या, तर बहुतेकांचं पुढे चांगलं चालतं. तपासणीला मात्र बरीच वर्षं यायचं."

"आणि तुकड्याला हे दोन दोरे?"

"आखूड मानेकडचा, लांब दंडाकडचा. कुठल्या कडेला पेशी उरल्या, ते कळायला हवं ना."

गाडीत बरणी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "अचार है क्या, दीदी?"

"नहीं, भाई का कंधा है."

ती खिडकीकडे सरकली.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. तळ आणि बाकीच्या कडा साफ, आखूड दोऱ्याच्या कडेला पेशी. म्हणजे मानेकडून आणखी कापायचं. तोवर जखमेवर नुसतं ड्रेसिंग. मांडीची कातडी लावायची ती कड साफ झाल्यावरच.

दादाला हे पटेना. तो मला म्हणाला, "बाई, डाक्टरले सांग, कातडी लावून टाका. बाकीचं धान कापल्यावर पाहू."

"अन् कातडीखाली काय वाढून राहिलं ते कोन पाहीन?" वहिनी म्हणाली. "धानाले हार्वेस्टर येते. तुमच्या खांद्याले कोन येते?"

"तू येतेस न, रोज पट्टी बदलाले."

"मी पट्टी बदलतो. कापत नाही."

दादा हसला, पण हो म्हणाला नाही. सर्जननी दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी शुक्रवार राखून ठेवला आहे आणि उद्या दुपारपर्यंत कळवायला सांगितलं आहे. तो फोन अजून करायचा आहे.