आठ वाजून चौदा मिनिटांची नोंद

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या नवमीला, संध्याकाळी आठ वाजून चौदा मिनिटांनी, डोळखांबजवळच्या एका पाड्यावर बाळाराम गुरुजींनी एका ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाचा आकडा, आठ पूर्णांक एक सांगितली आणि मी ती वहीत लिहिली. त्या वेळी आकाश पूर्ण ढगाळ होतं. बारीक पाऊस पडत होता.

मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात होतो, त्यातली बरीचशी मुरबाडला तालुका बातमीदार म्हणून. भानामतीच्या तीन बातम्या केल्या आणि तिन्ही वेळा दगड मारणारा माणूस सापडला. या सदरातले अनुभव मी वाचतो ते त्यात फट कुठे आहे हे शोधायला. स्वतःचा अनुभव लिहितानाही तोच हिशेब ठेवला आहे. गुरुजींचं नाव बदललं आहे, ताऱ्याचा क्रमांक देत नाही. बाकी जसं घडलं तसं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. भात आणि थोडी नाचणी एवढी शेती. एकतीस वर्षं ते रूपविकारी तारे बघतात... म्हणजे ज्यांचा उजेड कमी-जास्त होत राहतो असे तारे. साधन एक दुर्बीण, तीही जुनी. पद्धत साधी आहे. ज्यांची प्रत पक्की ठाऊक आहे असे दोन शेजारी तारे घ्यायचे, एक उजळ, एक मंद, आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. उजळ शेजारणीला गुरुजी थोरली म्हणतात, मंद असेल तिला धाकटी. एका ताऱ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. अवघड आहे ते हे काम रोज करणं, आणि जे दिसलं तेवढंच सांगणं.

त्यासाठी त्यांच्या घरात एक रीत आहे. गुरुजी अंगणातून आकडा सांगतात आणि यमुनाकाकू, त्यांच्या पत्नी, पडवीत बसून वहीत लिहितात. मागचा आकडा कळला की डोळा तोच बघायला लागतो, म्हणून गुरुजींनी वही बघायचीच नाही. अशा अकरा वह्या काकूंच्या ट्रंकेत आहेत. महिन्याच्या शेवटी काकूच सगळे आकडे उतरवून पोस्टाने हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाकडे पाठवतात. जगातल्या कुणाला त्या ताऱ्याचा अभ्यास करायचा असेल तर डोळखांबचे हे आकडे त्याला तिथून मिळतात. मला हे कळलं तेव्हा मी रविवारच्या पुरवणीसाठी लेख करायचं ठरवलं आणि चार दिवस राहायला गेलो.

पण काकू घरी नव्हत्या. मुरबाडला मुलीकडे बाळंतपणासाठी गेल्या होत्या. वही माझ्या हातात आली ती फोनवरच्या सूचनांसह.

"आकडा बोलायचा नाय," त्या म्हणाल्या. "मागचं पान त्यांच्यासमोर उघडायचं नाय. लाडात येऊन विचारतील, तरी नाय. आजवर मी त्यांना येक आकडा दाखवला नाय. लगीन झालं तवा माझं वयपण नव्हतं सांगितलं."

पहिल्या तीन संध्याकाळी ढग होते. ढग असले की वहीत 'ढग' असं लिहायचं. तीनदा लिहिलं. चौथी संध्याकाळ नवमीची. आठ वाजता मी विचारलं, आजही 'ढग' लिहू का? गुरुजी म्हणाले, थांबा जरा. पान उलटताना माझ्या तोंडून सहज गेलं, "मागच्या वेळी सहा होता ना हा?"

गुरुजींनी दुर्बीण खाली घेतली.

"पत्रकार, काकूनं तुमाला काय सांगितलं व्हतं?"

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. "कानात बसला आता सहा. जाऊ द्या, ढगच हायेत. ढगाला सहा काय नि सात काय."

मग ते पडवीतून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात उतरले आणि नेहमीच्या जागी, मांडवाच्या खांबाला, मेढीला खांदा टेकून उभे राहिले. दुर्बीण पश्चिमेकडे, थोडी उत्तरेला. मी चार पावलांवर होतो. दोन-तीन मिनिटं गेली. मग ते रोजच्याच आवाजात म्हणाले, "लिवा. आठ पूर्णांक एक."

मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. हाताला सवय होती... आधी लिहायचं, मग विचारायचं. मग विचारलं, "गुरुजी, हे कशाचं?"

"ताऱ्याचं. दोघींच्या खाली गेलाय. शेजारचे बारके धरून काढला. काळवंडलाय बघा."

हा तारा वर्षानुवर्षं सहाच्या आसपास असतो. मग कधीतरी स्वतःच काजळीसारखी धूळ बाहेर टाकतो आणि त्या धुळीआड झाकला जातो. ते कधी होईल याचं कुठलंही वेळापत्रक नाही. एकतीस वर्षांत गुरुजींनी ते मोजक्या वेळा बघितलं होतं.

मी खळ्यात उतरलो. चेहऱ्यावर पाऊस लागत होता. पश्चिमेला, डोक्यावर, कुठेच एकही तारा नव्हता. दुर्बीण मागून घेतली. पुढची भिंगं ओली होती... त्यातून पडवीतला बल्बही धड दिसेना.

"तुमाला नाय दिसत?" गुरुजींनी विचारलं. थट्टा नव्हती. मी नाही म्हणालो. त्यांनी दुर्बीण पुसली, पुन्हा लावली, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "आता मलापण नाय."

आकड्यासमोर शेरा लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं — आकाश पूर्ण ढगाळ, पाऊस. त्याच वेळी काकूंच्या जावयाला फोन केला. मुरबाडलाही पाऊस होता. शेजारचे दोघे पागोळ्यांखाली पिंप लावत होते, त्यांना तारा दिसला का विचारलं. एक म्हणाला, पितृपक्षात असं होतं. ते मी टिपून ठेवलं, एवढंच.

काकू परतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे महिन्याचे आकडे उतरवले, माझ्या शेऱ्यासकट. पाकीट मिळालं त्या दिवशी मंडळाच्या समन्वयक शैला मॅडमचा मला फोन आला. बँकेतून निवृत्त, स्वभावाने नेमक्या. उपग्रहाच्या चित्रात त्या वेळी अख्खा ठाणे जिल्हा ढगाखाली होता, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, तुम्ही तिथे होतात, ढगात कुठे फट होती का?

प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. "एक आकडा मनाने टाकलेला सापडला," त्या म्हणाल्या, "की बाकीचे कुठले खरे हे मी कसं ठरवणार? मला एकतीसच्या एकतीस वर्षं बाजूला काढावी लागतील."

मी दुसऱ्या दिवशीपर्यंत वेळ मागितला. क्षणभर फट पडली असेल, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. खळ्यात तिसरं कुणी नव्हतं. सकाळी मी फोन करून सांगितलं की फट नव्हती. मॅडमनी गुरुजींच्या सर्व नोंदी स्थगित केल्या.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी पाड्यावर गेलो. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येक दिस वही दुसऱ्याच्या हातात दिली, आन् येकतीस वर्सं गेली. जेवायला वाढते तुमाला. वही परत नाय देनार." गुरुजी कापलेल्या भाताच्या पेंढ्या मोजत होते. त्यांनी मोजणी पूर्ण केली, मग माझ्याकडे बघितलं.

"बरं केलंत," ते म्हणाले. "तुमी फट व्हती म्हणाला असता, तर माझ्या वहीतली पहिली खोटी नोंद तुमची झाली असती."

मी विचारलं, तुम्हाला खरंच दिसला होता? ते म्हणाले, दिसल्याशिवाय आकडा कसा सांगणार. त्यांच्याकडून याहून जास्त काही मला कधी मिळालं नाही. त्या संध्याकाळी घरी परत जाताना जीपमध्ये मी ठरवलं की या माणसावर लेख लिहायचा तर आकाशाबद्दल कमी आणि त्याच्याबद्दल जास्त लिहायचा.

नऊ दिवसांनी शैला मॅडमचा पुन्हा फोन आला. लडाखमध्ये फिरायला गेलेल्या एका सभासदाने, नेटवर्कमध्ये परतल्यावर, आपल्या आकाशाच्या फोटोंतून ताऱ्यांच्या प्रती मोजून पाठवल्या होत्या. त्यातला एक फोटो नवमीचा होता, आठ वाजून एकतीस मिनिटांचा. लडाखचं आकाश स्वच्छ होतं. फोटोतली ताऱ्याची प्रत आठ पूर्णांक एक.

आम्ही दोघांनी परदेशी याद्याही तपासल्या. तारा मंद होत असल्याचं दाखवणारी, नवमीच्या संध्याकाळच्या आधीची एकही नोंद आम्हाला सापडली नाही. पाड्यावर इंटरनेट लागत नाही. अंदाज करायचा तर गुरुजींच्या कानात मी घातलेला आकडा सहाचा होता. मी जेवढ्या फटी शोधल्या त्या या. त्यातली एकही पुरत नाही, आणि आज वर्षभरानेही माझ्याजवळ दुसरी नाही.

मॅडम आटगाव स्टेशनला उतरल्या, तिथून मी त्यांना पाड्यावर नेलं. दोन दिवस पडवीत बसून त्यांनी अकराही वह्या इतरांच्या नोंदींशी ताडून बघितल्या. जिथे इतरत्र ढग होते तिथे काकूंच्या अक्षरात 'ढग' होतं, पानामागून पान. निघताना मॅडमनी सांगितलं की सर्व नोंदी पुन्हा धरल्या जातील. नवमीचीसुद्धा, हवी तर एका टिपेसह.

आठवड्याने मंडळाला गुरुजींचं पोस्टकार्ड मिळालं. मजकूर असा होता : "नवमीच्या नोंदीच्या वेळी आकाश ढगाळ होते असे लेखनिकाने लिहिले आहे. लेखनिक खोटे लिहीत नाही. सबब ती नोंद धरू नये."

मंडळाने एकतीस वर्षांच्या सर्व नोंदी कायम केल्या आणि ती एक वगळली.