माझ्या नावाची ओळ

“शेवटी शेवटी त्यायले काही सुधरत नव्हतं. नेटचं पार वाटोळं करून ठेवलं,” मामी स्वयंपाकघरात मावशीला सांगत होती. मामा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी दुपारीच आटोपला होता. मी बैठकीत त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. ते ऐकलं, आणि स्क्रीनकडे वळले… तशी मी कमीच बोलते.

मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. रिटायर झाल्यावर त्यानं लाखनीच्या घरात एक जुना कॉम्प्युटर लिनक्स ही प्रणाली टाकून बैठकीच्या कोपऱ्यात बसवला. बाहेरून येणारं नेट आधी त्यात जायचं, मग घरभर. मी दोन वर्षं त्यांच्या वरच्या खोलीतून नोकरी केली. माझं कनेक्शन मध्येच तुटायचं. मामानं आधी केबल पाहिली, मग रूट, म्हणजे नेटच्या जायच्या-यायच्या वाटा, तपासले, एका वेळी एकच गोष्ट बदलून. घरात दोन कनेक्शनं होती. कुठं काय अडतंय ते कळावं म्हणून मी फायरवॉलमध्ये, म्हणजे अनोळखी ते बाहेरच अडवणाऱ्या पहाऱ्यात, एक ओळ टाकली: जे अडवशील त्याची नोंद कर.

“काहून वं मिनू, चिठ्ठी लावली का?” मामानं विचारलं. खात्यात ज्यानं जोडणी केली त्याच्या नावाची चिठ्ठी तारेला असायची. त्याला विचारल्याशिवाय दुसरा ती जोडणी तोडत नसे. मी हसले, पण प्रत्येक नोंद माझ्या नावानं सुरू होईल असं केलं. दोष सापडला. जाणारं एका कनेक्शनवरून जात होतं, उत्तर दुसऱ्यावरून येत होतं, आणि फायरवॉल ते अनोळखी समजून अडवत होती. रूट नीट केला. पुढं मला पुण्याला नोकरी लागली, मी गेले. ती ओळ तिथंच राहिली, बाहेरून येणारं जे जे अडेल त्याची नोंद करत.

मामीचं बोलणं ऐकलं त्या दिवशी मी लॉग, म्हणजे त्या नोंदींचा साठा, उघडला. मिनू, मिनू, मिनू… खाली सरकवत गेले तरी संपेना. डिस्क काठोकाठ भरली होती. ती भरली की घरातल्या फोनना नेटवरचे पत्ते वाटणारा प्रोग्रॅम अडकायचा आणि नेट बंद. रूट, केबल, सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डखाली त्याची वही सापडली. अक्षर थरथरलेलं. ‘लॉग साफ केला. नेट चालू. मिनूले विचाराचं आहे.’ पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावरही. एक ओळ खोडली असती तर काम भागलं असतं. आजारी माणूस दर दोन-चार दिवसांनी उठून माझ्या नावाचा ढीग उपसत होता, कारण चिठ्ठी माझी होती.

त्यानं फोन केला होता. मला फोनवर बोलायला जड जातं. ‘कामात आहे, नंतर करते’ असा मेसेज टाकला… नंतर आला तो मावशीचा फोन.

निघायच्या दिवशी बॅग दाराशी होती. शेजारच्या काकू आल्या, आणि मामीनं पुन्हा तेच सुरू केलं. “इतका हुशार माणूस, पण शेवटी त्या डब्ब्याचं काही समजत नव्हतं पाहा.” डब्बा कोपऱ्यात घुमत होता. मी वही मिटून हातात घेतली. घरात मी कधी त्यांच्या बोलीत बोलले नव्हते.

“मामी, मामानं नाही बिघडवलं. थे नोंदीची ओळ माही होती. इचाराले त्यानं फोन केला होता मले… मी उचलला नाही.”