कुजबुजत्या घरातला समालोचक

समालोचकाचे वडील रात्रभर बेकरीत पाव भाजायचे आणि दिवसभर झोपायचे. घर दोन खोल्यांचं, म्हणून आईचं फर्मान होतं की जे काही बोलायचं ते कुजबुजत. बहीण-भाऊ एकमेकांच्या झिंज्या उपटायचे, तेही कुजबुजत. भंगारवालासुद्धा दारात कुजबुजत घासाघीस करायचा आणि हरायचा. कुणाची झोप मोडणं याहून मोठं पाप त्या घरात नव्हतं.

असा हा पठ्ठ्या टीव्हीवर फुटबॉलचं समालोचन करायला गेला. पहिलाच गोल झाला, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं, आणि हा माइकला तोंड लावून हळूच म्हणाला, "गोल झाला बरं का." ध्वनिवाल्याने दोनदा माइक बदलला. मग वाहिनीच्या साहेबांनी याचा खेळच बदलला आणि याला स्नूकरच्या टेबलापाशी बसवलं. तिथे सगळेच श्वास रोखून असतात, त्यामुळे गडी नावारूपाला आला.

अंतिम सामन्याला साहेबांनी दटावलं, "आज तरी ओरड! लोक काय झोपायला बसलेत?" शेवटचा काळा चेंडू टेबलाच्या खिशात पडला. याने छाती भरून श्वास घेतला आणि कुजबुजला, "जिंकला."

साहेबांनी कपाळावर हात मारला. याने घरी फोन लावला. "बाबा, पाहिलंत?"

"छे रे! तुझा आवाज आला आणि डोळाच लागला. निवृत्त झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती बघ."

फोन ठेवून तो आनंदाने किंचाळला. शेजारी बसलेल्या साहेबांना पत्ताही लागला नाही.