पानमळ्याचा विटाळ

माझं बोलणं पुण्याकडच्या माणसाला भांडण वाटतं. वाटू द्या. त्या दिवशी मी खरंच भांडले होते आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

माहेर अकोल्याचं, सासर अंजनगावच्या बाजूला. सासरी विड्याच्या पानांचा मळा. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या त्या वेलींना देवासारखं जपतात. चपला बाहेर काढायच्या, आणि पाळी आलेल्या बाईने तिकडे फिरकायचंही नाही. तिची सावली पडली तरी वेली वाळतात म्हणे.

धाकटी जाऊ नुकतीच लग्न होऊन आली होती. एका दुपारी मळ्यात गोऱ्हा शिरला. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाजूला बसलेली ती बिचारी धावत गेली आणि त्याला हुसकून आली. आठवडाभरात मळ्याच्या खालच्या अंगाच्या वेली पिवळ्या पडल्या, माना टाकू लागल्या. झालं! मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, निकाल दिला: हिला माहेरी पाठवा, मळा सावरला तर आणू. पोरगी रडत रडत बॅग भरायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक मळ्यात जाऊन एक वाळकी वेल उपटली आणि ओसरीत मामाजींपुढे टाकली. मूळ काळं पडलं होतं, सडका वास येत होता.

"खालच्या अंगाले पाणी तुंबून राहिलं, मामाजी. शेजारच्याचाही खालचाच भाग गेला. त्याच्या मळ्यात तर बाईमाणूस जातच नाही."

"ते मले नको सांगू. ही गेली अन् वेली वाळल्या. आनखी काय पायजे?"

"एकामागं एक झालं म्हून एकामुळं दुसरं झालं काय?"

"बापजाद्यापासून लोक पाळून राहिले. ते सारे येडे होते काय?"

हे नेहमीचंच. उत्तर सुचलं नाही की मेलेल्या माणसांना साक्षीला बोलवायचं.

"बरं," मी म्हटलं, "मंग आता माझं आयका. लग्न झाल्यापासून मी त्या दिवसांत मळ्यात जात आली. कोणाले सांगितलंच नाही."

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तिथेच पानं लावत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मामाजी म्हणाले, "तरीच! म्हून मळा आधीपासूनच कमजोर झाला."

बघा! पुरावा उलटा आला की गोष्टच फिरवायची. मागच्या हंगामात हाच मळा दाखवायला त्यांनी अर्धं गाव गोळा करून आणलं होतं. मी सोडते की काय?

"असा मळा जन्मात पाह्यला नाही, हे तुमीच म्हणत होते ना? मी जात होती तवाच आला तो. मंग माझ्यामुळं आला म्हणा. मले ओवाळा."

"काहीही बोलते! मळा असा कोणाच्या जाण्यानं येते काय?"

"नाही ना येत? मंग कोणाच्या जाण्यानं वाळतही नाही."

ते उठून हातपाय धुवायला गेले. चुकलो असं म्हणाले नाहीत, आजवर म्हणालेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मळ्याच्या खालच्या अंगाला चर खोदायला घेतला आणि माहेरी पाठवण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

धाकटी मात्र भेदरलेलीच होती. मळ्याकडे मान वर करून पाहायची नाही. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी पानं खुडायला निघाले. अंगणात पोचले तोच ती आतून दारात आली. ओसरीत मामाजी पाय पसरून चहा पीत बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "ताई, मले आजच आली. थांबा, मी पन येते मळ्यात."

मामाजींनी पाय जवळ घेतले आणि तिला वाट दिली.