एअरपोर्ट आजोबांचा इन्शुरन्स

एअरपोर्ट आजोबांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खरं बोलून स्वतःचं इतकं नुकसान करून घेणाराही दुसरा पाहिला नाही. तुम्हा नातवंडांना ते आठवत असतील ते खिशातल्या श्रीखंडाच्या गोळ्यांमुळे. तुमच्या आजोबांचे ते इथले, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधले, सर्वांत जुने मित्र. तुमचे आजोबा गेल्यावर हे वारसाहक्काने माझ्याकडे आले, असं म्हटलं तरी चालेल. पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकरीवर येणारा मुलगा ओळखीचा असो वा नसो, त्याला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून आणण्याचं काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं होतं. मुलाला गाडीत बसवायचं, वाटभर कौन्सिल टॅक्स आणि थंडीचे कपडे यांवर बोलायचं आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आणून वरणभातापुढे बसवायचं. आमच्या गावात हाकेच्या अंतरावर एकेक राउंडअबाउट, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायचा चौक. गोष्ट अर्धी असताना वळण आलं, तर ते वळत नसत. गोष्ट संपेपर्यंत तिथेच फेऱ्या मारत राहत. आधीच विमानाने दमलेलं पोर माझ्या दारात पांढरंफटक उभं राही, आणि हे म्हणत, "वहिनी, याला भूक लागलेली दिसते."

फेऱ्या मारायला कायद्याची हरकत नव्हती. विमान उतरायची वेळ झाली म्हणून ते जो वेग धरत, त्याला होती. एकाच रस्त्यावरच्या एकाच कॅमेऱ्याने त्यांचे इतके फोटो काढले की लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट्स भरले आणि कोर्टाने सहा महिने गाडी बंद केली. त्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने विचारलंही नसताना यांनी सांगून टाकलं की कॅमेरा नसलेल्या रस्त्यांवर आपण याहून जोरात जातो. ते सहा महिने त्यांनी बसने काढले आणि तक्रार केली नाही. शिक्षा झाली ती बरोबरच, असं त्यांचं मत होतं.

खरी पंचाईत बंदी संपल्यावर झाली. लायसन्स परत आलं, पण इन्शुरन्स कोणी देईना. जे देत, ते गाडीच्या किमतीपेक्षा जास्त मागत. त्यात यांचा स्वभाव. माझ्या फोनचा स्पीकर लावून त्यांनी एका कंपनीला फोन केला, तो मी ऐकला आहे. पलीकडच्या मुलीने पाच वर्षांतले अपघात विचारले. पाच वर्षांत एकही नव्हता. पण नुसतं नाही म्हणणं त्यांना अपुरं वाटलं, म्हणून कॉलेजात असताना साताऱ्याला स्कूटर रसाच्या गुऱ्हाळात घातल्याचं त्यांनी सविस्तर सांगितलं. गाडी आणखी कोण चालवतं, या प्रश्नाला "ज्याला लागेल तो" असं उत्तर दिलं.

मराठी मंडळातल्या शहाण्यांनी सुचवलं की पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर घ्या, चालवा तुम्हीच. ते म्हणाले, "बंदी माझी, गाडी माझी, मग नाव दुसऱ्याचं कशाला?" इकडे नाशिकहून मुलगा दर रविवारी फोन करून घरी बोलवत होता. गाडी नाही, आई नाही, मग बाबा तिथे बसून काय करता? एकदा चहा पिताना मला म्हणाले, "वहिनी, गाडी नसेल तर मी इथे नुसता म्हातारा आहे."

शेवटी ब्लेचलीतल्या एका वयस्क ब्रोकरने मार्ग काढला. स्वच्छ लायसन्स असलेलं कोणी अधूनमधून खरोखरच ही गाडी चालवणार असेल, तर त्या माणसाचं नाव पॉलिसीत घालता येईल आणि रक्कम उतरेल. एरवी मागच्या दाराने आत शिरणारे हे गृहस्थ त्या संध्याकाळी पुढच्या दाराची बेल वाजवून आले. वर्षानुवर्षं चारचौघांत ते म्हणत आले होते की वहिनी गाडी चालवत नाहीत, गाडीला फिरवून आणतात. आता खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "वहिनी, तुमचं सावकाश चालवणं आज पहिल्यांदा माझ्या उपयोगाचं आहे."

मी नाव दिलं. रक्कम पेन्शनला पेलेल इतकी उतरली आणि हीथ्रोच्या वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, जरा बेताच्या वेगाने. पण कंपनीला चालवणार म्हणून सांगितलं, तर चालवलंच पाहिजे. दर गुरुवारी मी त्यांच्या गाडीतून देशी भाजीला वेम्बलीला जाऊ लागले. शेजारी ते, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी, आणि उजवा पाय त्यांच्या बाजूला नसलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर. "मागचा लॉरीवाला उतरून तुम्हाला हार घालणार," असं म्हणत. मी वेग बदलला नाही. त्यांनीही पाय उचलला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका गुरुवारी त्यांना समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईना. कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन लायसन्स स्वतःहून परत पाठवलं, इन्शुरन्सवाल्यांना फोन केला आणि नंतर नाशिकला.

ते कायमचे नाशिकला निघाले, तेव्हा त्यांना हीथ्रोला सोडायला माझ्या गाडीने मीच निघाले. हवा स्वच्छ होती, रस्ता मोकळा. त्यांचा उजवा पाय आज स्वस्थ होता. ते त्यांनी आणलेल्या अगदी पहिल्या मुलाची गोष्ट सांगत होते. तो बॅगेत कपड्यांऐवजी आईने दिलेला कुकर आणि पुस्तकं घेऊन आला होता, आणि गाडीत बसल्या बसल्या रडायला लागला होता. बोलता बोलता मोटरवेआधीचा शेवटचा राउंडअबाउट आला. गोष्ट अजून अर्धीच होती.

त्यांनी गोष्ट तिथेच सोडली. हा राउंडअबाउट त्यांनाही ठाऊक होता.

मी मोटरवेचं वळण सोडून दिलं आणि गाडी पुढे गोल घेतली. "मग?" मी विचारलं, "रडायचा थांबला का तो?"