घड्याळाला पुरणारा सेल

"दार कोणी उघडायचं नाही," डग म्हणाला.

उघडायची कोणाची छातीही नव्हती. जाड काचेपलीकडच्या स्टीलच्या पेटीत धूर दाटला होता. आम्ही जिची टेस्ट घेत होतो, त्या धातूच्या नळीचं वरचं टोक जागेवर नव्हतं. ते समोरच्या पत्र्यावर आदळून खाली पडलं होतं आणि पत्र्याला चांगला पोचा आला होता. वापरणारा माणूस ते टोक ओठांत धरतो.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. मी कॅनडात, मिसिसागाला एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला होते. बाजारात येऊ घातलेल्या वस्तू शॉक देतात का, पेट घेतात का, हे बघणं आमचं काम. डग माझा बॉस. टोस्टर आणि हीटर तो बघायचा, बॅटरीवर चालणारं जे काही येई ते माझ्या टेबलावर यायचं. कोणी विचारलं, काय काम करतेस, तर मी सांगायचे, वस्तूंची वाट लावते आणि त्याचा पगार घेते.

त्या वर्षी टेबलावर व्हेपिंगची यंत्रं येऊ लागली होती. सिगरेट सोडायची म्हणून लोक ती घेत. आत एक बॅटरी, तारेची एक बारीक गुंडाळी, तिला कॉइल म्हणतात, आणि सुगंधी लिक्विड. बटण दाबलं की कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते, ती ओढायची. आधी लोक पेनाएवढं साधं यंत्र घेत. मग वाफ कमी वाटू लागे आणि अपग्रेडची हौस सुरू होई. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. तिला सर्किटही नसतं, हे मला ह्या कामात कळलं.

कारण अपग्रेडवाल्यांची लाडकी वस्तू म्हणजे ही नळी. तिला ते मेकॅनिकल मॉड म्हणत. आत एक सेल, खाली बटण, वर कॉइल. बस. नळी आणणारा आमचा क्लायंट पंजाबी होता. सँपल देताना तो अभिमानाने म्हणाला होता, "मॅडम, इसमें खराब होने को है ही क्या? ना सर्किट, ना वायर!"

तेच तर दुखणं होतं. साध्या यंत्रात सर्किट असतं. ते रखवालदाराचं काम करतं. कॉइलने फार करंट मागितला, सेल फार तापला, बटण अडकलं, की ते वीज तोडतं. नळीत रखवालदारच नाही. कॉइल मागेल तेवढं सेलने द्यायचं. आणि वाफ जास्त हवी म्हणून लोक कॉइल अशी बांधत की तिचा ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, अगदी कमी. ओहम जितका कमी तितकी मागणी मोठी.

आम्ही त्या दिवशी नळीत मुद्दाम लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमधला सेल घातला होता. तोही त्याच मापाचा असतो, गोल, बोटाएवढा, आणि लोक तसलेच सेल वापरतात हे आमच्या कानावर आलं होतं. बटणाला बाहेरून चाप लावला. आधी कॉइल चुरचुरली, तापल्या तेलात जिरं पडल्यावर चुरचुरतं तशी. मग सेलमधून गॅस सुटला. नळीला गॅस जायला भोकच नव्हतं, म्हणून ती वरच्या टोकाने फुटली.

मी नोंदी केल्या, हात धुतले आणि घरी आले. घर म्हणजे कॉन्डो, आपल्याकडचा फ्लॅट, त्यात मी एकटी. माझा नवरा मिलिंद रेजिनाला होता.

मिलिंद सिव्हिल इंजिनिअर, मूळचा नागपूरचा. त्याला रेजिनात सरकारी नोकरी लागली होती. मलाही तिथे काहीतरी मिळेल म्हणून मी बरीच वाट पाहिली. मिळालं ते मिसिसागात. पर्मनंट नोकरी सोडायची नाही हे दोघांच्याही घरी बाळकडूच, तेव्हा कोणीच सोडली नाही. मधे अर्धा देश. विमानाचं भाडं बघून भेटायचं आणि एरवी रोज संध्याकाळी फोन. रेजिनाचं आणखी एक निराळं आहे. मार्चमध्ये कॅनडात बहुतेक सगळीकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि हिवाळ्याआधी परत मागे घेतात; रेजिना ज्या प्रांतात आहे त्या सस्कॅचवानमध्ये करत नाहीत. म्हणजे हिवाळ्यात आमच्यात एका तासाचं अंतर आणि उन्हाळ्यात दोन. दर वर्षी एका रविवारी मिलिंद माझ्यापासून आणखी तासभर लांब जायचा, आणि त्याचा राग मला दर वर्षी नव्याने यायचा.

तो सिगरेट ओढायचा. लग्न झाल्यापासून मी त्यावरून भांडत आले होते. शेवटी रेजिनाच्या थंडीत बाहेर उभं राहून ओढण्याचा त्याला कंटाळा आला आणि त्याने व्हेपचं पेन घेतलं. नंतर तो भेटायला आला तेव्हा मी एअरपोर्टवर त्याच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसलं, तर व्हॅनिलाचा वास. इतकी वर्षं ज्या वासाला नावं ठेवली तो नव्हता आणि मला चक्क रडू आलं. तो म्हणाला, "आता काहून रडून राहिलीस? तुझ्यासाठीच तर सोडली!" त्याला काय सांगणार? मला माझा जुना नवरा हवा होता, वासासकट.

तर त्या संध्याकाळी फोनवर बोलता बोलता मला तो आवाज ऐकू आला. जिरं पडल्याचा.

त्याच्या पेनाचा आवाज मला पाठ होता. मऊ, बारीक, बोलण्याच्या मधे मधे येणारा. तो आवाज ऐकला की मिलिंद खुर्चीत मागे रेलून बसलाय हे मला दिसायचं. हा आवाज तो नव्हता. हा मी सकाळी काचेपलीकडून ऐकला होता.

"मिलिंद, काय ओढतोयस?"

"अगं, सांगायचंच राहिलं! ऑफिसातल्या एकाने अपग्रेड केलं, त्याची जुनी नळी मला दिली. फुकटात. मस्त चालून राहिली."

"आणि सेल?"

"सेल नव्हता दिला त्याने. मी टाकला घरचाच."

"घरचा कुठला?"

"तुझा तो जुना लॅपटॉप नाही का, बंद पडलेला? त्याची बॅटरी उघडली. आत सहा निघाले. एकेक चार्ज करून पाहिला. जीव आहे अजून त्यात."

ही आपल्या लोकांची खास चूक. कॅनडात वाढलेला माणूस बंद लॅपटॉप रिसायकलिंगच्या डेपोत नेऊन देतो. आपण तो उघडतो. आपल्याकडे सेल मरत नाही, उतरतो. त्याला उन्हात ठेवतात, दोन सेल अदलाबदल करून बघतात, आणि 'जीव आहे अजून' म्हटलं की टाकण्याची बातच संपली.

"आत्ताच्या आत्ता काढ तो," मी म्हणाले.

"काहून?"

"फुटतो."

"तू कधी पाहिला?"

क्लायंटचा माल आणि क्लायंटचा रिझल्ट, त्यातला शब्दही लॅबच्या दाराबाहेर न्यायचा नाही, असं लिहून दिलेलं असतं. मी म्हणाले, "सांगता येत नाही."

तो हसला. "तुझ्या लॅबमध्ये सगळंच फुटतं गं. फोडायलाच ठेवलंय तुला तिथे. डॉक्टरच्या बायकोला जसा प्रत्येक खोकला टीबीचा वाटतो, तसं झालंय तुझं."

मी त्याला ओहमचा नियम ऐकवला. पुलाला लोड लिमिट असतं तसं सेललाही असतं हे सांगितलं. लॅपटॉपच्या पॅकमध्ये रखवालदार सर्किट असतं, सेल उचकटून काढला की रखवालदार मागेच राहतो, हेही सांगितलं. सगळं ऐकून तो "हो" म्हणाला. मिलिंदच्या 'हो'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी डगला विचारलं. क्लायंटचं नाव न घेता नवऱ्याला काही सांगितलं तर?

डगने डोळे बारीक केले. "कुठलीही टेस्ट, कुठलाही रिझल्ट नाही. पण बॅटरीबद्दल बोलायला तुला कोणी अडवलंय? यू आर द बॅटरी पर्सन. टॉक बॅटरीज."

बोललेच होते की! संध्याकाळी फोन लावला. तिकडे पुन्हा चुरचुर. माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याला आलेला पोचा आणि त्या जागी मिलिंदचं तोंड. मी ओरडले, तो चिडला. "आठवडाभर एकट्याने राहायचं, एकट्याने गिळायचं, आता ह्यावरही बोलणी खायची का?" म्हणाला आणि फोन ठेवला. शनिवारी त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. पुण्याची आहे मी. पण दिवसभर फोन जवळ घेऊन बसले होते आणि तो वाजेना तसतसं वाटायचं, फुटला असेल तर? मला कळवणार कोण? रेजिनात माझा नंबर असलेलं दुसरं कोणी नव्हतं.

रविवार उजाडला तो नेमका घड्याळं पुढे करायचा. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढलं, काटा एक तास पुढे सरकवला. तू गेलास आणखी लांब, असं मनात म्हणत घड्याळ उलटं धरलं तर मागे सेल दिसला. टीव्हीच्या रिमोटमधला, रिमोटला चालेना म्हणून मीच इथे टाकलेला. आणि घड्याळ त्यावर मजेत चालत होतं.

मी तशीच उभ्याउभ्या फोन लावला.

"मिलिंद, तुमच्या नागपूरच्या घरी टॉर्चचे सेल उतरले की बाबा काय करायचे?"

"आं?" तो अजून घुश्शातच होता. "रेडिओत टाकायचे."

"आणि रेडिओत खरखर यायला लागली की?"

"घड्याळात. चार-सहा महिने चालायचं त्याच्यावर."

"घड्याळातला सेल काढून परत टॉर्चमध्ये टाकलाय कधी बाबांनी?"

"टॉर्च कशी पेटेल मग?"

"का नाही पेटणार? जीव आहे की त्यात."

तो सावकाश म्हणाला, "जीव आहे, पण तेवढा जोर नाही."

"हेच मी तीन दिवस सांगतेय! साठा वेगळा आणि जोर वेगळा. कोठी भरलेली असते, पण दार लहान असतं. लॅपटॉप घड्याळासारखा आहे, तासन्‌तास थोडं थोडं घेतो. तुझी नळी टॉर्चच्याही वरची आहे, एका दमात ओरबाडते. आणि बाबांचे सेल बरे होते रे. जमेना की नाही म्हणायचे, दिवा मिणमिणायचा. हा लिथियमचा सेल नाही म्हणत नाही. मागाल तेवढं देतो. देता देता तापतो आणि फुटतो."

फोनमध्ये धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. तो नळी उघडत होता.

"ह्याचं वरचं प्लास्टिक फाटलंय गं," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "पॅक उचकटताना फाटलं असेल. आतला पत्रा दिसून राहिला."

फाटलेलं वेष्टन म्हणजे नळीच्या आतच शॉर्ट व्हायची सोय. "फाटल्या जागी आणि दोन्ही टोकांना टेप लाव. काचेच्या बरणीत टाक. एकटाच टाक, किल्ल्या-नाण्यांबरोबर नाही. आणि उद्या डेपोत देऊन ये. सहाच्या सहा."

"देतो." हे 'देतो' खरं होतं, मला आवाजावरून कळलं. मग तो म्हणाला, "टाकवत नव्हता गं तो लॅपटॉप. तू पुण्याहून आणलेला. आपण दोघांनी त्याच्यासमोरच बसून सगळीकडे अप्लाय केलं, नवे आलो तेव्हा, त्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये. तू गेलीस आणि महिन्याभरात तो चालू होईना. म्हटलं, त्यातलं काहीतरी चालू राहू दे घरात."

घड्याळ हातातच होतं.

"आपणही ह्या सेलसारखंच करून राहिलो ना?" तो म्हणाला. "नाही म्हणतच नाही कोणाला, ना नोकरीला, ना घरच्यांना."

लॅबचं काय झालं ते सांगते. नळी नापास झाली. क्लायंट आधी तणतणला, मग डिझाइन सुधारून परत आला. गॅस जायला भोकं पाडली होती, बटणाला लॉक होतं, आणि डब्यात सूचनांचं कार्ड, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. लॅपटॉपमधून काढलेला सेल वापरू नका, हे वाक्य त्यात अगदी वर होतं. मिलिंदने सर्किट असलेलं यंत्र घेतलं. कुठलं घेऊ म्हणून आधी मला विचारलं, हे विशेष. मी एवढंच सांगितलं की चकचकीत वेष्टनावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस, यंत्र मागतं किती आणि सेलला झेपतं किती हे आधी बघ. पुढे त्याचं तेही सुटलं. फोनवरची ती बारीक चुरचुर बंद झाली आणि मला तिचीही आठवण यायची. माझ्या स्वभावाला औषध नाही.

त्या रविवारनंतर त्याने इकडे अप्लाय करायला सुरुवात केली. वेळ लागला. मिळाली ती नोकरी पर्मनंट नव्हती. दोन्ही घरच्यांनी नाकं मुरडली, आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं.

पुढच्या मार्चमध्ये स्वयंपाकघरात खुर्चीवर मिलिंद चढला होता. रेजिनात त्याला घड्याळ पुढे करावं लागलं नव्हतं, त्यामुळे त्याला त्याचं फार अप्रूप. काटा सरकवून झाल्यावर त्याने मागचा सेल काढला, बोटांत फिरवून बघितला.

"नवा टाकू की जीव आहे अजून ह्यात?"

"राहू दे," मी म्हणाले. "घड्याळाला पुरतो तो."